कुंपण नसलेला फोटो

१

फोटो गेल्याचं सोमवारी सकाळी कळलं. मंगळवारी अकरा वाजता चौकशीला मोठे साहेब येणार होते. जायचंच म्हटल्यावर फोटोनेही नेमका मुहूर्त साधला होता.

राधिकाचा फोन आला तेव्हा रविंद्र सेनगावच्या आपल्या स्टुडिओत एका म्हाताऱ्याच्या आधार कार्डावरचा चेहरा मोठा करत बसला होता. म्हाताऱ्याचा तेरावा दोन दिवसांवर आला होता. आपल्याकडे माणूस जिवंतपणी फोटो काढायला येत नाही, तो मेल्यावर नातेवाईक येतात. त्यामुळे रविंद्रचा निम्मा धंदा गेलेल्यांवर चालायचा. चौदा महिन्यांपूर्वी त्याची बायको मिना नांदेडच्या एका दवाखान्यात वारली आणि तेव्हापासून त्याला कशाचंच काही वाटेनासं झालं होतं. पुढ्यात ताट आलं की तो जेवायचा, चार माणसं हसली की हसायचा. मिनाचा फोटो मात्र त्याने अजून मोठा केला नव्हता. कुणी विचारलं तर ‘करू की’ म्हणायचा.

"रविभाऊ, मल्हारींचा फोटो चोरीला गेला," राधिका म्हणाली. "खाणीचा. कुंपण नसलेला. बाकी सगळे जागेवर आहेत, तेवढाच नेलाय."

राधिका हिंगोलीच्या एका संस्थेत कामाला होती. साखऱ्याच्या पुढे खैरवाडी म्हणून गाव आहे. गावाला लागून खडीची खाण झाली, क्रशर आला, ओढ्याचं पाणी खाणीत वळलं आणि धुळीने तुरीची पानंसुद्धा पांढरी पडली. तक्रार केली की साहेब म्हणत, पुरावा आणा. मग राधिकाने गावातल्या बारा जणांच्या हातात छोटे कॅमेरे दिले. दर शनिवारी ज्याने त्याने आपल्याला दिसेल ते टिपायचं, संध्याकाळी कॅमेऱ्यातलं कार्ड शाळेत शिवहार गुरुजींकडे द्यायचं. सोमवारी ती कार्डं रविंद्रकडे यायची. तो सगळ्याची एक नक्कल संगणकात ठेवायचा. त्या बारा जणांत मल्हारी हा मेंढपाळ होता आणि सगळ्यात चांगले फोटो त्याचेच यायचे. घटका घटका एका जागी उभं राहायची सवय त्याला एकट्यालाच होती.

सोळा मार्चला, शिमग्यानंतरच्या रविवारी, मल्हारी त्याच खाणीच्या पाण्यात बुडाला. घसरलेली मेंढी काढायला उतरला. कडा सरळसोट, दोघंही वर आले नाहीत. खाणवाले म्हणाले, तारेचं कुंपण जानेवारीपासून आहे, हा दारू पिऊन ते ओलांडून गेला. गाव म्हणालं, कुंपण तो मेल्यावर घातलं. पण हे साहेबापुढे सांगायची वेळ आली की सगळ्या गावाला एकदम खोकला यायचा. जानेवारीनंतरचा खाणीच्या काठाचा दुसरा फोटो कुणाकडेच नव्हता, म्हणून सगळी मदार त्या फोटोवर होती. खाली चिठ्ठी होती, ‘मल्हारी, १५ मार्च’. म्हणजे मरणाच्या आदल्या दिवशीचा फोटो आणि त्यात कुंपण नाही.

"एवढंच ना? दुसरा छापून आणतो," रविंद्र म्हणाला.

फोन कानाला तसाच ठेवून त्याने मल्हारीचे पंधरा मार्चचे फोटो उघडले. तीनच होते. ओढ्यातलं हिरवं साचलेलं पाणी, धुळीने पांढरी पडलेली बाभळ, आणि बाभळीखाली एक उघडीवाघडी मेंढी, अंगावर कातरीचे पट्टे अजून ताजे. खाणीचा फोटो नव्हता. त्याने पुन्हा शोधलं. मग छपाईची वही काढली.

"राधिका, भिंतीवर आत्ता किती फोटो आहेत, मोजून सांग."

तिने मोजले. "साठ. चोरीला गेलेला धरून एकसष्ट."

"मी साठच छापून दिले होते," रविंद्र म्हणाला.

२

खैरवाडीच्या शाळेतला मोठा वर्ग प्रदर्शनासाठी रिकामा केला होता. भिंतींना थर्माकोलच्या पाट्या आणि त्यांवर टाचण्यांनी लावलेले फोटो. रविंद्र मोकळ्या जागेपुढे उभा राहिला. फोटो नव्हता, खालची चिठ्ठीही नव्हती. चार टाचण्या मात्र होत्या, चारही पुन्हा आपापल्या भोकात पक्क्या खोचलेल्या.

"चोर टापटिपीचा दिसतो," तो म्हणाला.

राधिकाला हसू आलं नाही. तिचे डोळे सुजले होते. "काल संध्याकाळी सगळं गाव येऊन पाहून गेलं. शेवटी आम्ही चौघंच उरलो. मी, गुरुजी, बजरंग आणि भागाबाई. भागाबाई झाडून घ्यायला थांबल्या होत्या. गुरुजींनी कुलूप लावलं ते आज सकाळी उघडलं, आणि कुलूप धडधाकट आहे. म्हणजे फोटो कालच गेला, आमच्या डोळ्यांदेखत."

भागाबाई ही मल्हारीची बायको. बजरंग त्याचा चुलतभाऊ, पण खाणीवर मुकादम. गावाने निकाल केव्हाच लावून टाकला होता. बजरंगच.

"त्या फोटोत काय काय होतं?" रविंद्रने विचारलं. "मी पाहिलेलाच नाही तो."

"तुम्ही छापला नाही? मग..." राधिका थांबली. "मला वाटलं, गडबडीत एक जादा छापला असेल. मी आणि गुरुजी दोघं मिळून लावत होतो, कुणी कोणता लावला कसं सांगू? खाणीचं पाणी होतं, काठ उघडा. काठावर मेंढ्या, किती गुबगुबीत! पुढे एका कानाची एक मेंढी थेट कॅमेऱ्याकडे बघत होती. मी तिथेच रडले, रविभाऊ. उद्या मरणार आहे हे त्या माणसाला ठाऊक नव्हतं आणि तो मेंढ्यांचे फोटो काढत होता."

तिचं रडणं खरं होतं. रविंद्रने रुमाल पुढे केला आणि खिडकीबाहेर पाहत राहिला. दुसऱ्याचं रडणं कसं ऐकायचं हे तो विसरला होता.

दारात शिवहार गुरुजी उभे होते. साठीला टेकलेले, शर्टाच्या खिशात तीन पेनं. गावातली प्रत्येक चिठ्ठी त्यांच्याच अक्षरात असायची, प्रदर्शनातल्याही.

"बजरंगला विचारा," गुरुजी घाईने म्हणाले. "तो फोटो ज्याला नडतो त्यानंच नेला. याच्यात कोडं कसलं?"

बोलणं बरोबर होतं. फक्त मघापासून गुरुजी मोकळ्या जागेकडे एकदाही पाहत नव्हते.

३

क्रशर बंद होता, तरी हवेत धूळ होतीच. बजरंग टिनाच्या शेडखाली बाजेवर बसला होता. वयाची तिशी मेंढरांमागे घालवून दोन वर्षांपूर्वी त्याने काठी टाकली आणि मुकादमाची शिट्टी गळ्यात घातली होती.

"या फोटोवाले. मला धरायला आले व्हय?"

"गाव म्हणतंय, फोटो तू नेलास."

"गाव म्हणंल ते खरं." तो हसला. ते हसू मजेचं नव्हतं, पण भीतीचंही नव्हतं. "रविभाऊ, एक सांगू का? ज्यानं फोटो नेला त्यो आमचा दुश्मन हाये. आमाला त्यो भित्तीवरच पाहिजे व्हता. काल मी बघून आलो अन् मॅनेजर साहेबाला सांगलं. साहेब म्हणले, लागू दे, मोठ्या साहेबापुढं लागू दे. लई खूश झाले."

"काहून खूश?"

"ते उद्या कळलं असतं." त्याने पायाने खडी उडवली. "आता काय. फोटोच न्हाई म्हणल्यावर."

"मल्हारी तुझा भाऊ होता, बजरंग."

त्याच्या तोंडावरचं हसू गेलं. "पोट बी माझंच हाये," तो म्हणाला आणि उठून शेडमागे गेला.

रविंद्रने गाडी ओढ्याच्या पुलावर थांबवली. खाणीला नडणारा फोटो खाणीलाच भिंतीवर हवा होता. असं एकाच कारणाने होऊ शकतं, फोटोतच काहीतरी खोट असली पाहिजे आणि ती बजरंगला एका नजरेत दिसली. बजरंगला काय दिसतं? ज्याने आयुष्यभर मेंढरं पाहिली त्याला मेंढरंच दिसणार.

सोबत आणलेला लॅपटॉप त्याने पुलाच्या कठड्यावर ठेवला आणि मल्हारीचे जुने फोटो उलटे पाहत गेला. फेब्रुवारी, जानेवारी, डिसेंबर. चौदा डिसेंबरला तो थांबला. खाणीचं पाणी, उघडा काठ, थंडीतल्या दाट लोकरीची गुबगुबीत मेंढरं. पुढे एका कानाची मेंढी कॅमेऱ्याकडे रोखून पाहत होती.

फोटो तीन महिने आधीचा होता, खाणवाले कुंपण घातल्याचं सांगत त्या जानेवारीच्याही आधीचा. कुणीतरी त्याच्याखाली मरणाच्या आदल्या दिवसाची तारीख चिकटवली होती. आणि मग दुसऱ्याच कुणीतरी तो काढून नेला होता.

४

भागाबाई वाड्यात, म्हणजे बाभळीच्या काट्यांच्या कुंपणात, एका मेंढीचा पाय मांडीवर घेऊन बसल्या होत्या. खुरातला काटा त्यांनी चिमटीने ओढून काढला. टाकला नाही. हात लांबवून कुंपणाच्या लाकडी मेढीत पक्का खोचला, मग मेंढीला सोडलं.

रविंद्र त्या काट्याकडे बघत राहिला. दिवसभर तो जे शोधत होता ते एवढ्यात मिळालं. चोरी करणाऱ्याला टाचण्यांची कसली काळजी? पण अनवाणी लेकरांच्या आणि जनावरांच्या पायात काही रुतू नये, ही ज्याच्या हाताला खोड आहे तो हात चोरी करतानाही टाचणी खाली टाकणार नाही.

"भागाबाई, मेंढरं कातरली कधी?"

"शिवरातीच्या आधी. मालकानं सोत्ता कातरली." त्यांचा आवाज सपाट होता. तीन महिन्यांत त्या रडल्या नाहीत, असं गाव नवलाने सांगायचं.

"मग शिमग्याला त्यांच्या अंगावर एवढी लोकर कुठून आली?"

भागाबाई उठून खोपीत गेल्या आणि फडक्यात गुंडाळलेला फोटो आणून त्याच्या हातात दिला. चिठ्ठी अजून खाली चिकटलेली होती.

"काल बघितला की कळलं मला," त्या म्हणाल्या. "ही कानतुटकी बघा. संकरातीला लांडग्यानं नेली. मेलेली मेंढी शिमग्याला पाणी पेईल व्हय? झाडता झाडता काढला अन् पदराखाली घेतला. कुणी बघितलं न्हाई. रांडमुंड बाईकडं कोण बघतंय."

"पण हा फोटो तुमच्याच बाजूचा होता. उद्या त्याच्यावर सगळं ठरणार होतं."

"फोटो खोटा न्हाई. तारीख खोटी हाये." त्या मेंढरांकडे पाहत बोलत होत्या. "मालक मेंढरू इकताना गिऱ्हाइकाला आधी सांगायचे, ही जरा लंगडती बरं का. लोक येडा म्हणायचे. आता त्यांच्या नावानं लबाडी भित्तीला टांगली. बजरंगनं वळखलं, मी त्याचं तोंड बघितलं ना. उद्या भर सभेत दाखिवलं असतं. दारुडा तर म्हणूनच राहिले. मंग लबाड बी म्हणले असते. अन् बाकीच्या लोकांचे साठ फोटो बी खोटेच म्हणले असते."

"याच्याशिवाय तुमच्याकडे पुरावा काय आहे?"

"न्हाई तर न्हाई."

राग नाही, हुंदका नाही. रविंद्रला तो आवाज ओळखीचा वाटला, गेले चौदा महिने तो स्वतः तसाच बोलत होता. आणि त्याला प्रथमच वाटलं की हा आवाज ऐकणाऱ्याला किती भयंकर वाटत असेल.

"चिठ्ठी कुणी चिकटवली, ठाऊक आहे?"

"मला जाणून काय करायचं?" भागाबाई म्हणाल्या.

५

रविंद्रला मात्र जाणायचं होतं. तो शाळेत परतला तेव्हा गुरुजी एकटेच कपाटापाशी बसले होते.

"गुरुजी, मी बोलतो, चुकलं तर थांबवा," तो समोर बसत म्हणाला. "दर महिन्याला शाळेच्या फळ्यावर लावायला मी थोडे फोटो छापून देतो. ते तुमच्या या कपाटात असतात. राधिकाकडे एकही छापील फोटो नाही. बजरंगने मेंढरं राखली आहेत, डिसेंबरच्या मेंढ्या मार्चच्या म्हणून खपवण्याची चूक त्याने झोपेतही केली नसती. भागाबाईंनीही नाही. ज्याच्या दारात कधी मेंढरू बांधलं नाही, त्यालाच सगळ्या मेंढ्या बारा महिने सारख्या दिसतात. आणि कपाटाची किल्ली ज्याच्याकडे असते..."

"बस करा," गुरुजी म्हणाले.

गुरुजी तोंडावर हात घेऊन बोलले. "कुंपण खरंच नव्हतं हो. मी काही खोटं दाखवलं नाही. तारीख फक्त पुढं सरकवली. त्या रविवारी सकाळी मी त्याच रस्त्यानं सेनगावला निघालो होतो. तार नव्हती की खांब नव्हता. मल्हारी काठावर उभा होता, माझ्याशी बोललासुद्धा. दोन तासांनी तो बुडाला."

रविंद्र ताडकन उठला. "तुम्ही पाहिलंत? तुम्ही बोललात त्याच्याशी? आणि तीन महिने गप्प?"

"शाळेवरचे पत्रे खाणवाल्यांनी दिलेत. धाकटा पोरगा त्यांच्याच ट्रकवर आहे. साहेबापुढं सही केली की झालं, उद्या त्याला घरी बसवतील." गुरुजींनी खिशातली पेनं चाचपली. "मला वाटलं, फोटो बोलेल. माझं नाव कुठं यायचं नाही आणि मल्हारीला न्याय मिळेल."

"म्हणजे जिवंत साक्षीदार घरात बसवून तुम्ही मेलेल्या माणसाला साक्षीला उभं केलंत," रविंद्र म्हणाला. "तेही खोट्या साक्षीला. त्याच्या बायकोनं त्याला तिथून उतरवलं, गुरुजी. चोर तीच आहे."

गुरुजींनी मान वर केली. ते उठले, कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली.

"माझ्यानं होणार नाही," ते म्हणाले आणि निघून गेले.

६

मंगळवारी साहेब वेळेवर आले, ही गावाला पहिली धास्ती. साठ फोटो त्यांनी चष्मा वर-खाली करत पाहिले, पांढरी तूर, आटलेली विहीर, खोकणाऱ्या म्हातारीच्या हातावरची खडीची धूळ. खाणीचा मॅनेजर फाईल मांडीवर घेऊन पुढच्या बाकावर होता, त्याच्यामागे बजरंग. आदल्या दिवशी फोटो गेल्याचं ऐकून मॅनेजरचा विरस झाला होता, पण राधिकाच्या यादीत एकसष्टावा फोटो अजून होता आणि तेवढ्यावर त्याची आशा होती.

"पंधरा मार्चचा एक फोटो यादीत आहे. तो कुठे?" साहेबांनी विचारलं.

राधिका गडबडली. रविंद्र उठणार तोच मागून भागाबाई पुढे आल्या आणि फडकं सोडून त्यांनी फोटो टेबलावर ठेवला.

"ह्यो बघा साहेब. मालकानंच काढलेला हाये, पण थंडीतला. खालची तारीख खोटी. मीच काढून नेला व्हता."

वर्गात कुजबूज उठली. मॅनेजरची उघडलेली फाईल तशीच राहिली. जे दाखवून तो बाजी मारणार होता ते समोरच्या बाईनेच दाखवून टाकलं होतं. बजरंगने खाली मान घातली.

"बाई, म्हणजे कुंपण नव्हतं याला तुमच्याकडे पुरावा नाही," साहेब म्हणाले. आवाजात थोडं नवल होतं. "घटनेच्या दिवशी कुणी स्वतः पाहिलं होतं का?"

गावाला खोकला आला. रविंद्रने भिंतीकडे पाहिलं. गुरुजी तिथे उभे होते, एका फोटोखालची चिठ्ठी बोटाने सारखी करत. सरळच होती ती. साहेबांनी पेनचं टोपण लावायला घेतलं.

"मी पाहिलं," गुरुजी म्हणाले.

आवाज इतका बारीक होता की साहेबांनी ‘कोण?’ म्हणून विचारलं. गुरुजी पुढे आले. बाकाला धरून ते उभे राहिले. "सोळा मार्च. सकाळी साडेसात. कुंपण नव्हतं. खोटी चिठ्ठीही मीच चिकटवली, या बाईंचा दोष नाही. मल्हारी काठावर होता. प्यायलेला नव्हता. मी त्याच्याशी बोललो."

"काय बोलणं झालं?" साहेब लिहू लागले.

"तो म्हणाला, गुरुजी, खाणवाल्याला सांगा की हितं कुंपण घालाया, यखादं मेंढरू पडंल."

मॅनेजर काहीतरी बोलायला उठला आणि बजरंगने त्याच्या बाहीला धरून त्याला खाली बसवलं. का, ते बजरंगलाही सांगता आलं नसतं. साहेबांनी वाक्य जसंच्या तसं उतरवलं आणि गुरुजींपुढे कागद सरकवला. गुरुजींनी सही केली. मग ते भागाबाईंपुढे हात जोडून उभे राहिले.

"बाई, मला माफ करा."

भागाबाईंनी ते ऐकलंच नाही. त्या एक पाऊल पुढे आल्या होत्या. "गुरुजी, आजूक काय म्हणले ते?"

"अं?"

"सकाळी च्या पिऊन गेले ते मला दिसलेच न्हाईत परत. तुमच्याशी बोल्ले ना. आजूक काय म्हणले?"

गुरुजींनी डोळे मिटले. "विशेष काही नाही हो बाई. मी म्हणालो, घाईत आहे. तर म्हणाला, येताना घरला या. च्या घेऊ. भागाच्या हातच्या च्याला तोड न्हाई, म्हणाला."

रविंद्र बघत होता. भागाबाईंचा चेहरा आधी तसाच राहिला, गेले तीन महिने होता तसा. मग ओठ हलले.

"मला तर कदीच म्हणले न्हाईत," त्या म्हणाल्या, आणि साहेबाच्या टेबलाचा कोपरा धरून, भर सभेत, मोठ्यांदा रडू लागल्या.